लोखंड वितळवणारा ग्रॅफाइट इलेक्ट्रोड स्वतः का वितळत नाही?

वडखळजवळच्या डोळवीला पोलाद कारखान्यात विजेच्या भट्ट्या आहेत, त्यावरून हा प्रश्न पडला असेल तर रास्तच आहे. बरेच जण समजतात की इलेक्ट्रोड, म्हणजे भट्टीत वरून सोडलेला ग्रॅफाइटचा (कार्बनच्या एका प्रकाराचा) जाड दांडा, पाणी तापवायच्या रॉडसारखा तापतो आणि लोखंडाला उष्णता देतो. तसं नाही. तो फक्त वीज आणून पोचवतो. त्याचं टोक आणि भट्टीतलं लोखंडी भंगार यांच्यामधल्या फटीत ठिणगीचा अखंड झोत, म्हणजे आर्क पेटतो, आणि खरं काम तो करतो. त्याचं तापमान ३००० अंशांच्या बरंच वर जातं. पोलाद १५०० च्या आसपासच पातळ होतं.

ग्रॅफाइट नेहमीच्या दाबाला वितळतच नाही, साधारण ३६०० अंशांना थेट वाफ होते. शिवाय तापल्यावरही त्याची ताकद टिकते. तांब्याचा रॉड तिथे क्षणभरही टिकणार नाही.

पण म्हणून इलेक्ट्रोड अमर आहे असं नाही हं! टोक झिजतं आणि लालबुंद अंगाला हवेतला ऑक्सिजन खातो. मग वरून नवा तुकडा आट्यांच्या जोडाने पिळून बसवतात. त्याआधी आट्यांतली धूळ हवेने उडवायलाच हवी. जोड सैल राहिला तर तिथेच तापतो आणि खालचा तुकडा तुटून भट्टीत पडतो.