मुलांसाठी विज्ञान लिहू पाहणाऱ्यास

सांगली

प्रिय लेखकमित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे हस्तलिखित सावकाश वाचून काढले. भाषा स्वच्छ आहे, मांडणी नेटकी आहे, आणि दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी मराठीत विज्ञानाचे पुस्तक लिहावे असे तुझ्या वयात वाटावे, याचे मला फार अप्रूप आहे. म्हणूनच मोकळेपणाने लिहितो. तुझे जवळजवळ प्रत्येक प्रकरण उत्तरापासून सुरू होते. आम्ल म्हणजे काय, आम्लारी म्हणजे काय, रंग बदलून त्यांची ओळख पटवणारा दर्शक कशाला म्हणतात, हे पहिल्याच पानावर सांगून झाल्यामुळे पुढे वाचणाऱ्या मुलाला करण्यासारखे काही उरत नाही. विज्ञान म्हणजे कोणीतरी आधीच शोधून ठेवलेल्या गोष्टींची यादी, असा त्याचा समज होतो. आणि तशी यादी तर त्याला शाळेत पाठ करावीच लागते. ‘हे कशावरून?’ असे त्याच्या मनात यावे आणि त्याचा माग त्याला स्वतःला काढता यावा, अशा रीतीने लिहिणे हेच या कामाचे मर्म आहे, असे माझे ठाम मत आहे.

हळदीचेच घे. ज्या सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले, ती तुझ्या पुस्तकात ‘नैसर्गिक दर्शक’ म्हणून एका ओळीत येते आणि जाते. त्या ओळीऐवजी पांढऱ्या सदऱ्यावर सांडलेल्या आमटीपासून सुरुवात कर. डाग पिवळा असतो. त्यावर कपड्यांचा साबण घासला की तो लालसर होतो, भरपूर पाण्यात खळबळून काढला की पुन्हा पिवळा दिसू लागतो, आणि सदरा उन्हात वाळत घातला की हळूहळू फिका पडत जातो. हे सारे घरोघरी घडते, पण त्याकडे मुद्दाम थांबून कोणी पाहत नाही. साबणाचे पाणी आम्लारिधर्मी असते, हळदीतले कर्क्युमिन हे पिवळे रंगद्रव्य त्यात लाल होते आणि साबण निघून गेला की मूळ रंगावर येते. लिंबू पिळले तर हे आणखी लवकर घडते. हळदीत चुना मिसळून कुंकू करण्याची जुनी रीत याच गुणावर आधारलेली आहे. हे सर्व अवश्य सांग, परंतु मुलाने साबण घासून पाहिल्यानंतरच्या पानावर सांग. चुना मात्र मुलांच्या हाती देऊ नकोस. तो डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते.

डाग उन्हात फिका पडतो हा भाग तू गाळला आहेस, आणि मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो. उन्हाने डाग जातो म्हणजे नेमका कशाने जातो? उन्हात उजेडही असतो आणि ऊबही, हे मोठ्यांच्याही चटकन ध्यानात येत नाही. मुलाला एकाच कापडाचे तीन तुकडे एकाच वाटीतल्या हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवायला सांग. एक तुकडा गच्चीवर उन्हात ठेवायचा, दुसरा कपाटाच्या अंधारात, आणि तिसरा जाड काळ्या कागदात गुंडाळून पहिल्याच्या शेजारी, म्हणजे तो तापेल पण त्याला उजेड लागणार नाही. एक-दोन दिवसांनी तिन्ही तुकडे शेजारी मांडले की रंग उजेडाने उडतो, हे वेगळे सांगावे लागत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सारे जसेच्या तसे ठेवायचे, ही प्रयोगाची शिस्त मुलाच्या हातून घडून गेलेली असते. तिचे नाव त्यानंतर दिलेस तर ते त्याच्या कायमचे लक्षात राहील.

सोपे करण्याच्या भरात चुकीचे लिहिले जाणार नाही, याची मात्र डोळ्यांत तेल घालून काळजी घे. कास पठारावरच्या प्रकरणात दवबिंदू ही वनस्पती ‘कीटक खाऊन पोट भरते’ असे वाक्य आहे. ती हिरवी आहे, आपले अन्न ती सूर्यप्रकाशात स्वतःच तयार करते. तिथल्या जांभ्यावरचा मातीचा थर पातळ असून त्यात नायट्रोजन फार कमी असतो; ती उणीव ती कीटकांपासून भरून काढते. खरे वाक्य लिहिलेस, तर ‘हिरवी पाने असताना हिला कीटक कशाला हवेत?’ असा प्रश्न मूल आपणहून विचारते. पोट भरण्याच्या गोष्टीत त्या प्रश्नाला जागाच राहत नाही.

‘कोयना धरणामुळे भूकंप झाला’ या वाक्याचेही तसेच आहे. कोयनेच्या जलाशयात, म्हणजे शिवाजीसागरात, 1962 च्या सुमारास पाणी साठू लागले आणि 11 डिसेंबर 1967 रोजी मोठा भूकंप झाला, एवढे सांगून थांबलास तर मूल एवढेच शिकेल की एकामागून दुसरे घडले म्हणजे पहिले हे दुसऱ्याचे कारण. खडक आधीपासून ताणाखाली होता. पाणी भेगांतून खोल झिरपले, तिथला दाब वाढला आणि सरकायला टेकलेल्या खडकाला निमित्त मिळाले, असे शास्त्रज्ञ मानतात. हे अधिक नीट समजावे म्हणून कोयना परिसरात सुमारे 3 किलोमीटर खोल विवर घेण्यात आले आणि कराडच्या संशोधन केंद्रात त्यावर काम चालते. शोध अजून संपलेला नाही, हे मुलांपासून लपवू नकोस. आपल्या जिल्ह्याशेजारच्या एका प्रश्नावर अजून काम चालू आहे, याचा त्यांना आनंदच वाटेल.

आकड्यांबद्दल थोडेसे. दर पावसाळ्यात आपली मुले ‘इतके क्युसेक विसर्ग’ ऐकतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर, हे सांग आणि एक लाख क्युसेकचे गणित त्यांनाच करू दे. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची कृष्णेची 45 फुटांची धोक्याची पातळी घरातल्या मोठ्यांना माहीत असते. त्यांना विचारून येण्याचे कामही मुलांना देता येईल.

सर्वज्ञ आजोबा आणि जिज्ञासू नातू यांचे संवाद काढून टाकावेत, असे मला वाटते. त्यात नातू आजोबांच्या सोयीचेच प्रश्न विचारतो. ‘अद्भुत’, ‘चमत्कार’ हे शब्दही कमी कर. नवल वाटायचे की नाही, ते वाचणाऱ्याला ठरवू दे.

छापायला देण्यापूर्वी एखाद्या शाळेत, लेखक कोण हे न सांगता, प्रकरणे मुलांना वाचायला दे आणि मागच्या बाकावर बसून पाहा. कुठे पान उलटून मागे जातात, कुठे दोन पाने एकदम सोडतात, याची नोंद ठेव. हळदीचे प्रकरण नव्याने लिहून झाले की आधी तेवढेच पाठव. चित्रांबद्दल, विशेषतः त्यांतल्या प्रमाणांबद्दल, समक्ष बोलू.

तुझा हितचिंतक