‘काही घडलंच नाही, मग बायकोला सांगायचं काय?’

शारीरिक संबंध आलेला नाही, मग मी अविश्वासू कसा? समुपदेशनाला येणारे कितीतरी ख्रिस्ती नवरे हेच विचारतात. नालासोपाऱ्याच्या एका गृहस्थांनीही विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) चर्चच्या मंडळीत संडे स्कूल, म्हणजे मुलांचा रविवारचा बायबल वर्ग, घेणारे, बायको परिचारिका, तिला बऱ्याचदा रात्रपाळी. ऑफिसातली एक सहकारी चर्चगेटहून त्याच लोकलने यायची. आधी कामाच्या गप्पा झाल्या, मग घरची गाऱ्हाणी, मग रात्री उशिरापर्यंत व्हॉट्सॲप.

“ताई, हे थांबावं म्हणून मी रोज प्रार्थना करतो,” ते म्हणाले.

तिचं नाव फोनमध्ये कसं सेव्ह केलंय, एवढंच मी विचारलं. बराच वेळ ते गप्प होते. मग त्यांनी फोन पुढे केला. ‘आयटी सपोर्ट’.

लपवायला लागलं म्हणजे मनाला आधीच कळलेलं असतं. मत्तय ५:२८ मध्ये प्रभू येशू मनातल्या व्यभिचाराबद्दल बोलतो, ते वचन त्यांनी मुलांकडून पाठ करून घेतलं होतं. कलम ४९७ सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केलं, व्यभिचार हा आता फौजदारी गुन्हा नाही. पण वेदीसमोर दिलेला शब्द त्या कलमाच्या भीतीने थोडाच दिला होता?

आणि प्रार्थना चालू असताना लोकल तीच, डबाही तोच! बायबलमधल्या योसेफला त्याचा मालक पोटीफर याच्या बायकोने मोहात पाडायला धरलं, तेव्हा तो वस्त्र तिच्या हातात टाकून बाहेर पळाला (उत्पत्ती ३९). मोहातून निघायची वाट देव ठेवतो, असं १ करिंथ १०:१३ सांगतं. त्या वाटेने निघायचं मात्र आपणच.

त्यांनी गाडीची वेळ बदलली. सहकारीला दोन ओळीत कळवलं, यापुढे कामापुरतंच आणि ऑफिसच्या ईमेलवर. लांबलचक निरोपाचा मेसेज मी लिहू दिला नाही, त्यातून बोलणं पुन्हा सुरू होतं. बायकोला सांगण्याआधी चॅट पुसायचं नाही, असंही बजावलं. सांगायचं ते तिच्या सुट्टीच्या दिवशी, रात्रपाळी करून दमून आल्यावर नाही. आणि “तुला माझ्यासाठी वेळच नसतो” हे वाक्य त्याला अजिबात जोडायचं नाही. ते जोडलं की कबुलीचा आरोप होतो.

पुढच्या वेळी दोघं आली. त्या बाईबद्दल वहिनींनी फारसं काही विचारलं नाही. “माझ्याबद्दल तिला काय काय सांगितलंत?” एवढंच विचारलं. माहेरच्या पैशांवरून झालेलं भांडण त्यांनी तिला सांगितलं होतं. ते ऐकल्यावर वहिनी रडल्या. घरातलं दुखणं परक्या बाईसमोर उघडं करणं हीसुद्धा बेइमानीच, असं माझं ठाम मत आहे.

आता वहिनींच्या सुट्टीच्या दिवशी ते संध्याकाळी लवकर घरी येतात. जेवण झाल्यावर दोघं एकत्र प्रार्थना करतात. वहिनी अजूनही अधूनमधून त्यांचा फोन बघतात, ते त्यांना झोंबतं. मी त्यांना म्हटलं, बघू द्या. कधीपर्यंत बघणार, हेही विचारू नका.