बिबडी परदेशी पाठवायची तर पाकिटावर काय बदलावं?

तुमचा प्रश्न असा आहे: अमळनेरजवळच्या गावात आईचा बचत गट ज्वारीची बिबडी (वाळवून ठेवायचा, तळून खायचा पापड) आणि काळा मसाला करतो. दुबईहून आणि जर्मनीहून विचारणा आली आहे. पाकिटावरचं मराठी काढून इंग्रजी टाकलं की झालं का, आणि मोठ्या कंपन्या परदेशात जाताना नेमकं काय बदलतात?

भाऊ, तेवढ्यानं होत नाही. मी जळगावात अकरा वर्षं खाद्यपदार्थांची पाकिटं आणि लेबलं डिझाइन करते. माझ्याकडे येणारा प्रत्येक जण आधी भाषेचंच विचारतो. मी त्याला विचारते, दुबईहून फोन केला तो माणूस कोण? आपल्याकडचाच, धुळ्या-जळगावाहून तिकडे नोकरीला गेलेला असेल, तर पाकिटावरचं एक अक्षरही बदलू नका. त्याला 'बिबडी' हाच शब्द वाचायचा आहे. उन्हाळ्यात गच्चीवर घातलेल्या, अर्धवट वाळलेल्या ओल्या बिबड्या पोरांनी शेंगदाण्यांबरोबर पळवायच्या, हे ज्याच्या लहानपणात आहे त्याला तुम्ही 'ज्वारीचे क्रिस्प्स' विकायला गेलात तर तो पाकीट हातातही घेणार नाही. कायद्यानं लागणारा अरबी मजकूर मागच्या बाजूला द्या, पुढचा भाग आहे तसाच ठेवा.

विचारणारा दुबईतला सुपरमार्केटवाला असेल आणि त्याचं गिऱ्हाईक केरळचं, फिलिपाइन्सचं, इजिप्तचं असेल, तर मात्र सगळंच नव्यानं मांडावं लागतं. 'बिबडी' नाव राहू द्या, पण त्याखाली हे काय आहे आणि कसं खायचं ते त्याला कळेल असं लिहा. आई डाळ-खिचडीबरोबर तळून वाढते, त्याला ती चटणीत बुडवून चहासोबत खायची असेल. फोटो त्याच्या खाण्याचा हवा.

मोठ्या कंपन्यांनाही हे ठेच लागूनच कळलं. केलॉग 1994 मध्ये भारतात आली तेव्हा कॉर्नफ्लेक्सच्या कुरकुरीतपणाची जाहिरात करत होती. आपल्याकडे दूध तापवून, गरमच घेतात. गरम दूध ओतलं की फ्लेक्सचा लगदा. शिवाय पोहे, उपमा, भाकरीची सवय असलेल्या घराला सकाळी थंड आणि अगोड खाणं म्हणजे नाश्ताच वाटत नव्हता. माल चांगला होता, जाहिरातीची भाषाही बरोबर होती, पण आपल्या स्वयंपाकघरात सकाळी गॅसवर काय चाललेलं असतं ते कुणी पाहिलं नव्हतं. मॅकडोनाल्ड्स 1996 मध्ये आलं ते मात्र गोमांस आणि डुकराचं मांस बाजूला ठेवूनच, आणि पुढे आलू टिक्कीचा बर्गर इथला झाला.

मला सगळ्यात आवडतं ते जपानमधल्या किटकॅटचं. जपानी भाषेत 'कित्तो कात्सु' म्हणजे 'नक्की जिंकशील'. क्यूशू बेटावरच्या बोलीत तर हे शब्द चॉकलेटच्या नावाच्या आणखी जवळ जातात. तिथली माणसं परीक्षेला बसणाऱ्या पोरांना शुभेच्छा म्हणून किटकॅट द्यायला लागली. नेस्लेनं ते ऐकलं आणि पाकिटावर चार शब्द लिहायला जागा ठेवली. एका बोलीतून आलेलं हे यश आहे, आणि अहिराणी बोलणाऱ्या आपल्या लोकांना ते लगेच समजायला हवं. आपल्या रिक्षावरच्या भोंग्यातली अहिराणी जाहिरात गल्लीतली माणसं थांबून ऐकतात, पुण्याच्या मराठीतली ऐकत नाहीत.

एक मात्र सांगते, कारण ही गोष्ट तुम्हाला प्रत्येक मार्केटिंग वर्गात ऐकवतील. शेव्हरोलेची 'नोव्हा' गाडी लॅटिन अमेरिकेत खपली नाही, कारण स्पॅनिशमध्ये 'नो वा' म्हणजे 'चालत नाही', असं सांगतात. हे खोटं आहे. ती गाडी मेक्सिकोत आणि व्हेनेझुएलात चांगली खपली. खरं उदाहरण हवं तर मित्सुबिशीची पजेरो घ्या. तो शब्द स्पॅनिशमध्ये अश्लील आहे, म्हणून स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत तिचं नाव मोंटेरो ठेवलं.

आता तुमच्या पाकिटाकडे. मागच्या बाजूला आपण तीन चित्रं देतो: कच्ची बिबडी, कढई, फुललेली बिबडी. अरबी उजवीकडून डावीकडे वाचतात. चित्रं तशीच ठेवली तर वाचणाऱ्याला फुललेली बिबडी कढईत जाऊन कच्ची होताना दिसते. मी अरबी बाजूला चित्रांचा क्रम उलटा लावते. आकडे मात्र अरबीतही डावीकडूनच वाचतात, ते उलटवायचे नाहीत. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये अरबी मजकूर चिकटवला की अक्षरं सुटी पडतात आणि क्रम फिरतो. आपल्याला ते सुंदर नक्षीसारखं दिसतं, वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. छापण्याआधी अरबी वाचणाऱ्या माणसाकडून प्रूफ बघून घ्याच.

जर्मनीबद्दल माझ्या हातून झालेली चूक सांगते. एका मसालेवाल्यांचं पाकीट करताना त्यांच्या नेहमीच्या डिझाइनप्रमाणे मी वरच्या कोपऱ्यात 'शुभ-लाभ' आणि मध्ये स्वस्तिक ठेवलं. छपाईचे सिलिंडर तयार झाले, पाउच छापून आले, आणि तिकडच्या दुकानदाराचा फोन आला की हे मी मांडणीवर ठेवू शकत नाही. जर्मनीत नाझी चिन्हांवर कायद्यानं बंदी आहे. आपलं स्वस्तिक धर्माचं आहे, त्याचा त्यांच्याशी संबंध नाही, पण दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला ते समजावणार कोण? ज्यांच्या घरातली माणसं त्या चिन्हाखाली मारली गेली, त्यांना तर समजावूही नये. सगळे पाउच रद्दीत गेले. आता परदेशी जाणाऱ्या पाकिटावर मी कलश किंवा साधी फुलांची वेल घेते.

युरोपात चौदा प्रकारचे ॲलर्जी करणारे घटक घटकयादीत ठळक अक्षरात दाखवावे लागतात. त्यात तीळ, शेंगदाणे आणि मोहरी आहेत. बिबडीत तीळ आहेतच, मसाल्यात काय पडतं ते आईला नीट विचारा. 'ग्लुटेन फ्री' लिहायचा मोह होईल, कारण ज्वारीत ग्लुटेन नसतं आणि तिकडे त्या शब्दाला किंमत आहे. पण तिथे तो शब्द लिहायला किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. तुमची ज्वारी गावातल्या गिरणीत, गव्हाच्या पाठोपाठ दळली जात असेल, तर तो शब्द लिहू नका. त्यावर विश्वास ठेवून खाणारा माणूस खरंच आजारी पडतो. आणि जर्मन घरात कढईभर तेल क्वचितच तापतं, तेव्हा आईला एकदा ओव्हनमध्ये बिबडी भाजून बघायला सांगा. जमली तर फोटोही तोच द्या.

आपल्या केळीवाल्यांनी हे फार आधी केलंय. दिल्लीला ट्रकनं जाणारा माल घडाच्या घड जातो. दुबईला जाणाऱ्याच्या फण्या कापून, धुऊन, फोम लावून सुमारे 13 किलोच्या खोक्यात भरतात आणि 13-14 अंशांवर कंटेनरमधून पाठवतात. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि 2021 मध्ये तांदलवाडीची मानांकित केळी दुबईला गेली. मार्केटिंग तिथे बागेतूनच सुरू झालं, घडावर पिशवी चढवली तेव्हापासून.

हंगामाचंही बघा. आपल्या माणसांसाठी दिवाळी, बाकीच्यांसाठी रमजान. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो, त्यामुळे मागच्या वर्षीच्या तारखेवर माल पाठवू नका.

आणि सिलिंडर लगेच करू नका. प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर लागतो, बचत गटाचे पैसे त्यातच अडकतात. आधी साध्या पारदर्शक पाउचवर डिजिटल छपाईचं लेबल लावून दोनशे पाकिटं पाठवा, आणि तिकडच्या दुकानदाराला सांगा की ती मांडणीवर लावून एक फोटो पाठव.