फॉर्म्युलाचा डबा फेकू नकोस

ताई, तू लिहिलंयस की जूनमधे ठाण्याहून न्यू जर्सीला येताय, बाळ तेव्हा चार महिन्यांचं असेल, वरचं दूध म्हणजे फॉर्म्युला (बाळाची डब्यातली दूध पावडर) चालू आहे, आणि अमेरिकेत फॉर्म्युला सारखा रिकॉल होतो, म्हणजे कंपनी परत मागवते, म्हणून सासूबाई म्हणतायत ठाण्याहूनच वर्षभराचे डबे घेऊन जा. मी पण ठाण्यातल्या नौपाड्यातलीच, मुलगी तीन महिन्यांची असताना इकडे आले, त्यामुळे तुझी काळजी अगदी कळते.

वर्षभराचे डबे नको आणूस गं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांपुरते आण, कारण भारतातली बॅच उद्या परत मागवली तर इथे बसून तुला कळणार कसं?

रिकॉल म्हणजे बहुतेक वेळा ठरावीक लॉट, म्हणजे एका वेळी बनवलेले डबे, परत मागवतात, आणि तो ओळखायचा डब्याच्या बुडावरच्या नंबरवरून. फेब्रुवारी २०२२ मधे ॲबट कंपनीच्या मिशिगनमधल्या कारखान्यातली सिमिलॅक, ॲलिमेंटम, एलेकेअरची पावडर क्रोनोबॅक्टर नावाच्या जंतूमुळे परत मागवली, तेव्हा खूण अशी होती की कोडचे पहिले दोन आकडे २२ ते ३७, त्यात के८, एसएच किंवा झेड२, आणि एक्सपायरी १ एप्रिल २०२२ किंवा नंतरची, हे तिन्ही जुळलं तरच तो डबा. आणि मी काय केलेलं, ठाण्यात रिफिलची पिशवी स्टीलच्या डब्यात ओतायची सवय, तीच इथे चालू ठेवली आणि मूळ डबा कचऱ्यात. ओट्यावर झाकण उघडून उभी होते, आत पांढरी पावडर, चमचा, आणि नंबर कुठेच नाही. सगळी टाकली, रात्रभर मुलीच्या कपाळाला हात लावून बसले. ती बरी होती, पण तेव्हापासून पावडर मूळ डब्यातच, आणि नवीन डबा आला की आधी बुडाचा फोटो. उघडला की महिन्याभरात संपवायचा.

पुढे तो कारखाना बंद राहिला आणि मे महिन्यात दुकानांत शेल्फ रिकामे, युरोपातून विमानाने दूध आणावं लागलं. असं कधी झालं तरी पाणी वाढवून पुरवू नकोस, बाळाच्या अंगातलं मीठ कमी होऊन झटके येऊ शकतात. आणि चमचा! भारतात बऱ्याच डब्यांवर एका चमच्याला ३० मिली पाणी असतं, इथे बहुतेक एका चमच्याला ६० मिली. जुना चमचा नव्या डब्यात अजिबात टाकायचा नाही.

नोव्हेंबर २०२५ मधे बायहार्ट कंपनीच्या फॉर्म्युलाचं झालं ते बॉट्युलिझममुळे (जंतूच्या विषामुळे बाळाचे स्नायू लुळे पडतात तो आजार), आधी दोनच लॉट आणि काही दिवसांत त्यांचं सगळंच परत मागवलं, म्हणून आपला लॉट यादीत नाही म्हणून एकदा बघून सोडून देऊ नकोस. यात पाणी गरम केलं तरी उपयोग नाही, त्या जंतूचे बीजाणू मरत नाहीत. बाळाला शी न होणं, नीट ओढून न पिणं, पापण्या जड, रडणं क्षीण, मान टाकणं, यातलं काही दिसलं तर थेट इमर्जन्सी. आणि दूध प्यायल्यावर काही आठवड्यांनीसुद्धा होऊ शकतं. सासूबाईंना प्रेमाने सांग, मध चाटवायचा नाही, तेच बीजाणू मधात पण असू शकतात, वर्षाच्या आत अजिबात नाही.

रिकॉलमधला डबा निघाला तर बाळाला द्यायचं लगेच थांबव, पण बाळाला काही त्रास असेल तर डबा फेकू नकोस, तपासायला मागू शकतात, वर चिठ्ठी लावून वेगळा ठेव. अमेरिकेच्या एफडीएच्या (अन्न आणि औषधं बघणारं सरकारी खातं) रिकॉलचे ईमेल येतात, फुकट आहे, निघायच्या आधीच नाव टाक.

आणि ठाण्यातल्या डॉक्टरांकडून वजनाचा तक्ता, लसी आणि आत्ता चालू असलेल्या फॉर्म्युलाचं नाव लिहून आण, साधा की गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्यांचा ते पण, कारण घाईत ब्रँड बदलायची वेळ आली तर इथले डॉक्टर पहिलं तेच विचारतात.