१९४७ ते १९५० आपण ‘डोमिनियन’ होतो, म्हणजे नक्की काय होतो?

धाग्यातला प्रश्न थोडक्यात असा: घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काकांनी एक निरोप ढकललाय. १५ ऑगस्ट १९४७ ला स्वातंत्र्य मिळालंच नाही, फक्त ‘डोमिनियन स्टेटस’ मिळालं, देश ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर आहे आणि खरा मालक अजून लंडनमध्ये बसलाय. यात खरं किती?

भाडेपट्टा ही निव्वळ थाप. असा कुठलाही करार नाही. पण निरोपातली एक गोष्ट खरी आहे आणि शाळेच्या पुस्तकात ती एका ओळीत उरकलेली असते: २६ जानेवारी १९५० पर्यंत आपण कायद्याने डोमिनियन होतो आणि इंग्लंडचा सहावा जॉर्ज आपलाही राजा होता. माझ्या नाण्यांच्या डबीत १९४७ चा निकेलचा रुपया आहे. एका बाजूला वाघ, दुसऱ्या बाजूला मुकुटधारी जॉर्ज आणि कडेने ‘किंग एम्परर’. लहानपणी मला वाटायचं, टांकसाळीला बातमी उशिरा कळली असावी.

सगळा घोळ होतो तो शब्दामुळे. ‘डोमिनियन’ हा शब्द ऐंशी वर्षं तसाच राहिला आणि त्याच्या पोटातला अर्थ मात्र बदलत गेला. काका १८६७ चा अर्थ १९४७ ला चिकटवतायत.

१ जुलै १८६७ ला कॅनडा एक झाला तेव्हा तिथल्या पुढाऱ्यांना ‘किंगडम ऑफ कॅनडा’ म्हणायचं होतं. शेजारची अमेरिका बिथरेल म्हणून लंडनने नको म्हटलं. मग न्यू ब्रन्सविक प्रांताचे पुढारी टिली यांनी बायबलातल्या बहात्तराव्या स्तोत्रातून ‘डोमिनियन’ काढून दिला असं सांगतात. अर्थ काय, तर घरचा कारभार तुमचा, घराबाहेरचा आमचा. शिवाय १८६५ चा एक कायदा डोक्यावर होताच: वसाहतीसाठी केलेल्या ब्रिटिश कायद्याशी वसाहतीचा कायदा विसंगत असेल, तर तेवढ्यापुरता तो रद्द. ऑस्ट्रेलिया १९०१ मध्ये, न्यूझीलंड आणि न्यूफाउंडलंड १९०७ मध्ये, दक्षिण आफ्रिका १९१० मध्ये याच पंगतीत आले. ऑगस्ट १९१४ मध्ये पाचव्या जॉर्जने जर्मनीशी युद्ध पुकारलं आणि हे सगळे देश आपोआप युद्धात ओढले गेले. त्यांना कुणी विचारलंही नाही.

माणसं मात्र त्यांचीच मेली, आणि त्याची वसुली त्यांनी नंतर केली. १९१९ मध्ये व्हर्सायच्या तहावर डोमिनियननी वेगवेगळ्या सह्या केल्या. (सही भारताचीही आहे. ब्रिटनचे भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराज गंगासिंह यांनी केली. आपण तेव्हा डोमिनियनही नव्हतो, तरी राष्ट्रसंघाचे संस्थापक सदस्य झालो. हा एक वेगळाच विनोद.)

पुढचा टप्पा माझ्या फार आवडीचा, कारण तो एका माशाने गाठून दिला. हॅलिबट म्हणजे आपल्या लेपोचा अवाढव्य भाऊबंद. त्याच्या मासेमारीबद्दल १९२३ मध्ये कॅनडा आणि अमेरिकेत तह ठरला. रिवाजाप्रमाणे वॉशिंग्टनमधला ब्रिटिश राजदूतही सही करणार होता. पंतप्रधान मॅकेन्झी किंग अडून बसले: मासा आमचा, समुद्र आमचा, सहीसुद्धा आमचीच. मंत्री लापॉइंट यांनी एकट्याने सही केली आणि आकाश काही कोसळलं नाही.

तीन वर्षांनी याच किंगसाहेबांची फजिती झाली. जून १९२६ मध्ये त्यांनी संसद बरखास्त करायला सांगितलं, गव्हर्नर जनरल बिंग नाही म्हणाले. आता गंमत बघा: स्वायत्ततेचा हा झेंडेकरी बिंगना म्हणतोय, लंडनला तार करून विचारा, आणि लंडनने पाठवलेले बिंग म्हणतायत, हा कॅनडाचा घरगुती मामला, लंडनला कशाला विचारायचं? किंगनी राजीनामा दिला, विरोधी पक्षाच्या मीअन यांचं सरकार आलं, काही दिवसांत पडलं. मग बिंगनी मीअनना मात्र बरखास्ती दिली! निवडणुकीत किंग जिंकून परत आले आणि तिथून तडक लंडनला, ब्रिटन आणि डोमिनियनांच्या साम्राज्य परिषदेला गेले. त्या परिषदेतून ब्रिटिश मंत्री बाल्फोर यांच्या नावाने ओळखलं जाणारं निवेदन निघालं: ब्रिटन आणि डोमिनियन दर्जाने समान, कुणी कुणाच्या हाताखाली नाही, सगळ्यांना बांधणारा धागा म्हणजे राजा. गव्हर्नर जनरलही यापुढे राजाचा प्रतिनिधी, ब्रिटिश सरकारचा माणूस नव्हे.

डिसेंबर १९३१ मध्ये वेस्टमिन्स्टरच्या कायद्याने हे कागदावर पक्कं झालं. १८६५ चं जोखड गेलं, आणि डोमिनियनने मागितल्याशिवाय ब्रिटिश संसदेचा नवा कायदा तिथे लागू होणार नाही असं ठरलं. पण दार उघडलं म्हणून सगळे धावत सुटले असं झालं नाही. ऑस्ट्रेलियाने हा कायदा स्वीकारला १९४२ मध्ये, न्यूझीलंडने १९४७ मध्ये. तोवर डोमिनियन झालेल्या आयर्लंडने मात्र त्याचा वापर छिन्नीसारखा केला. १९३३ मध्ये राजनिष्ठेची शपथ काढली, १९३६ मध्ये आठव्या एडवर्डने गादी सोडली त्या गडबडीत राजाला राज्यघटनेतून उचललं, १९३७ मध्ये नवी घटना. आणि न्यूफाउंडलंड चक्क उलट दिशेने गेलं. कर्जाने कंबरडं मोडलं, १९३४ मध्ये स्वतःचं विधिमंडळ गुंडाळून कारभार लंडनने नेमलेल्या आयोगाच्या हाती दिला, आणि १९४९ मध्ये ते कॅनडाचा प्रांत झालं.

खरी परीक्षा सप्टेंबर १९३९ ची. ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान मेंझीस म्हणाले, ब्रिटन युद्धात उतरलं म्हणजे आपणही उतरलो. दक्षिण आफ्रिकेच्या संसदेत मतदान झालं, ८० विरुद्ध ६७, तटस्थ राहू म्हणणारे पंतप्रधान हर्टझॉग पडले आणि स्मट्स आले. कॅनडाने मुद्दाम आठवडाभर थांबून १० तारखेला स्वतः युद्ध पुकारलं. आयर्लंड तटस्थ राहिलं. राजा एकच, आणि तो एकाच वेळी युद्धात होता आणि नव्हताही.

आता आपल्याकडे येऊ. जुन्या मराठी वर्तमानपत्रांत ‘वसाहतीचं स्वराज्य’ हा शब्द पानोपानी सापडतो, तो हाच. १९०५ मध्ये बनारसच्या काँग्रेसमध्ये गोखल्यांनी मागितलं ते वसाहतींसारखं स्वराज्य. होमरूलच्या व्याख्यानांत टिळकही राजाला हात लावत नव्हते, त्यांचा रोख नोकरशाहीवर होता. १९२८ च्या नेहरू अहवालात मोतीलालजींनी डोमिनियन दर्जाच मागितला. वर्षभरात लाहोरला जवाहरलालनी पूर्ण स्वराज्याचा ठराव करून घेतला. मग ज्याला १९२९ मध्ये लाथाडलं तेच १९४७ मध्ये का घेतलं?

कारण मधल्या काळात आयर्लंडने दाखवून दिलं होतं की डोमिनियन होऊन राजालाही घराबाहेर काढता येतं. १९४२ मध्ये ब्रिटिश मंत्री क्रिप्स तर बाहेर पडण्याचा हक्क देऊनच आले होते. बाकी कारणं व्यवहाराची. सरकारी अधिकारी व्ही. पी. मेनन यांनी ही कल्पना मांडली, पटेलांना पटली. घटना लिहून व्हायची वाट न बघता सत्ता लगेच घेता येत होती, तोवर ब्रिटिशांचा १९३५ चा भारत सरकार कायदा दुरुस्त करून वापरायचा. लंडनमध्ये चर्चिलचा हुजूर पक्ष आडवा येणार नव्हता. ४ जुलैला मांडलेलं भारतीय स्वातंत्र्याचं विधेयक १८ जुलैला कायदा झालं, दोन आठवड्यांत! आपल्याकडे पतसंस्थेचा ठराव याहून रेंगाळतो.

त्या कायद्याचं सहावं कलम काकांना वाचायला द्या. भारताने केलेला कायदा इंग्लंडच्या कायद्याशी विसंगत आहे म्हणून रद्द होणार नाही, इंग्लंडने पुढे केलेल्या कायद्याशी विसंगत असला तरी नाही. मालकी सोडताना याहून स्पष्ट काय लिहायचं? संस्थानिकांनी सामीलनाम्यावर सह्या केल्या त्याही ‘डोमिनियन ऑफ इंडिया’त सामील होतो म्हणून.

विचित्रपणा होताच, नाही असं नाही. ऑक्टोबर १९४७ मध्ये काश्मीरवरून जुंपली तेव्हा दोन्ही बाजूंचा राजा एकच आणि दोन्ही सैन्यांचे सरसेनापती ब्रिटिश. जिनांनी सैन्य पाठवायचा हुकूम दिला, तर पाकिस्तानचे हंगामी सेनापती ग्रेसी यांनी तो पाळला नाही. दोन्ही सैन्यांवरचे सर्वोच्च ब्रिटिश सेनापती ऑकिनलेक लाहोरला जाऊन म्हणाले, असं कराल तर सगळे ब्रिटिश अधिकारी काढून घेऊ. हुकूम मागे गेला. डोमिनियनपणाचा काच कुठे जाणवला असेल तर इथे. आपल्याकडे करिअप्पा सरसेनापती झाले ते १५ जानेवारी १९४९ ला.

बाकी गाठी एकेक करून सुटल्या. जून १९४८ मध्ये माउंटबॅटन गेले, राजाजी आले, आणि त्याच आठवड्यात जॉर्जच्या बिरुदावलीतून ‘हिंदुस्थानचा सम्राट’ गळालं. एप्रिल १९४९ मध्ये लंडनला तोड निघाली: भारत प्रजासत्ताक होईल, राजा आपला राजा नसेल, फक्त राष्ट्रकुलाच्या सहवासाचं प्रतीक असेल. १० ऑक्टोबर १९४९ पासून प्रिव्ही कौन्सिलकडची, म्हणजे लंडनच्या शेवटच्या अपील न्यायालयाकडची, अपिलं बंद. ब्रिटिश कायद्याच्या चौकटीप्रमाणे घटनेला गव्हर्नर जनरलची संमती घेता आली असती. ती मुद्दाम घेतली नाही. घटना समितीचे अध्यक्ष राजेंद्रप्रसाद यांच्या सहीवर काम झालं.

अडीच वर्षांत आटपलं. पाकिस्तान १९५६ पर्यंत डोमिनियन होतं, म्हणजे १९५३ चा एलिझाबेथचा राज्याभिषेक त्यांच्याही राणीचा. श्रीलंका १९७२ पर्यंत. आणि कॅनडा, ज्याच्यापासून सुरुवात झाली? घटनादुरुस्ती कशी करायची यावर ओटावातल्या केंद्र सरकारचं आणि प्रांतांचं एकमत होईना, म्हणून स्वतःच्या घटनेच्या महत्त्वाच्या दुरुस्त्यांसाठी त्यांना १९८२ पर्यंत लंडनला जावं लागत होतं. १७ एप्रिल १९८२ ला राणीने ओटावात उघड्यावर सही केली तेव्हा पाऊस आला, आणि त्या कागदावर थेंबांनी पसरलेल्या शाईचे डाग अजून आहेत. क्वेबेक प्रांताने संमती दिली नव्हतीच. ऑस्ट्रेलियाची शेवटची कायदेशीर गाठ १९८६ मध्ये सुटली.

राहता राहिला काकांचा मुद्दा की ब्रिटिशांनी दिलेला कायदा ब्रिटिश मागे घेऊ शकतात. मागे घ्यायला तो भारतात शिल्लक हवा. आपल्या घटनेचं शेवटचं कलम, ३९५ वं, एका वाक्याचं आहे: १९४७ चा स्वातंत्र्य कायदा आणि १९३५ चा कायदा रद्द. एक कायदा मात्र नाव घेऊन वगळलाय, प्रिव्ही कौन्सिलची अपिलं बंद करणारा. तो आपण जिवंत ठेवला.