उंचावरच्या धावपट्टीवरून लहान विमान उडताच खाली का बसतं? विदर्भात तसा धोका आहे का?

बहुतेकदा गुन्हेगार विरळ हवा. पंखांना उचल कमी, प्रोपेलरला ओढ कमी. साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर 1000 फुटांमागे साधारण 3 टक्के घटते. वेगमापकावर आकडा नेहमीचाच, पण जमिनीवरचा खरा वेग जास्त लागतो, म्हणून धावपट्टी पुरत नाही. मग वैमानिक घाईने नाक उचलतो. पंखांच्या पसाऱ्याएवढ्या उंचीपर्यंत जमिनीलगतच्या हवेचा आधार असतो, विमान उठतं; तो सुटला की चढतच नाही, आणि समोर झाडं.

विदर्भात डोंगर नको, नवतपा पुरे! धावपट्टी 1000 फुटांवर, पारा 45. त्या उंचीचं प्रमाण तापमान 13 अंश. फरक 32 अंश. दर जादा अंशाने हवा साधारण 120 फूट उंची वाढल्याइतकी विरळ होते, म्हणून 32 गुणिले 120, म्हणजे 3840 फूट. विमानाच्या लेखी ते 4840 फुटांवर आहे.

म्हणून पहाटेच उडावं, वजन कमी ठेवावं, विमानाच्या पुस्तिकेतला कामगिरीचा तक्ता खरंच उघडावा. अशा हवेत इंधन-हवेचं मिश्रण पूर्ण रिच (इंधन जास्त) ठेवणं ही नेहमीची चूक. पुस्तिकेप्रमाणे लीन (इंधन कमी) करावं. अर्ध्या धावपट्टीपर्यंत उड्डाणवेगाच्या 70 टक्के गाठले नाहीत, तर थ्रॉटल मागे आणि ब्रेक.