पावतीपुस्तक कपाटात ठेव

प्रिय पोरी,

परवा फोनवर तू विचारलंस, "सर, सहावी ते आठवीच्या दहा दप्तरमुक्त दिवसांसाठी बाजारपेठेत कुणाला भेटू? माझी तर कुणाशी ओळख नाही. व्यापाऱ्याच्या दारात मुख्याध्यापकाने जाणं बरं दिसतं का?" ते रात्रभर डोक्यात राहिलं.

जा. पण देणगीचं पावतीपुस्तक कपाटात ठेवून जा.

मी बावीस वर्षं ते काखोटीला मारून हिंडलो. स्नेहसंमेलन जवळ आलं की मला व्यापारी आठवायचे. पाचशे रुपये घ्यायचे, नाहीतर पंखा घेऊन त्यावर त्यांच्या वडिलांचं नाव रंगवून द्यायचं. वेंगुर्ल्याकडच्या एका काजू कारखानदाराने पावती घेतली आणि म्हणाला, "सर, ८० किलोच्या पोत्यातून २१ किलो गर निघाला तर उतारा किती? तुमच्या दहावी पास पोराला येत नाही." मी गणिताचा मास्तर! डब्ल्यू-२४०, डब्ल्यू-३२० या काजूच्या प्रतींतला आकडा म्हणजे एका पौंडात साधारण किती गर बसतात ते, आकडा वाढला की गर बारीक, हे मला त्या दिवशी कळलं. टक्केवारी, सरासरी, गुणोत्तर सगळं त्या गाळ्यात पडलं होतं, आणि मी वर्गात पुस्तकातल्या हौदाचे नळ सोडत बसलो होतो. किती तुकड्या तशाच बाहेर पडल्या, आठवलं की झोप उडते.

पुढे मुलांना तिथे नेलं, तर संस्थेतले काही म्हणाले, सर पोरांना मजुरीला लावतात. टरफलातल्या तेलाने कातडी भाजते, हे मला ठाऊक नव्हतं? एकाही मुलाने बी फोडली नाही. वजनं टिपली, हिशेब मांडला, बायकांना प्रश्न विचारले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात या दप्तरमुक्त दिवसांसाठी मुलांनी सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे जाऊन शिकावं असं लिहिलंय. मी ते आधी केलं आणि बोलणी खाल्ली. मी चुकलो नाही. चुकलो ते आधीची बावीस वर्षं.

आणि ओळख नाही म्हणतेस? तुझ्या शाळा व्यवस्थापन समितीत चारातले तीन सदस्य पालक आहेत ना! कोण होडीवर, कोण बागेत, कोणाचं दुकान, हे विचारलंस कधी? आणखी कुणाची चिठ्ठी हवी?

बंदरावर जा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, आणि नेमक्या त्याच दिवसांत आपण वह्या-गणवेशाचे पैसे मागतो. होडी चालवणाऱ्या तांडेलापाशी बसलीस की शाळेचं वेळापत्रकही तुला वेगळं दिसेल. आंबा बागायतदाराकडे मात्र एप्रिल-मेमध्ये नको, पेट्या भरायच्या घाईत तो उभाही करणार नाही. पावसात जा. बागेची राखण नेपाळहून आलेला माणूस करतो आणि गावचा मुलगा मुंबईची गाडी धरतो, असं का, ते बागायतदाराला विचार. उत्तर कडू असलं तरी लिहून घे. तिथेही पावतीपुस्तक नको. कितीदा सांगू!

सोमवारी काजू कारखान्यात जाशील तेव्हा वही ने. मालकाने चहा दिला तर घे. त्याने स्वतःहून देणगीचं काढलं तर म्हण, आधी मला पोतं फोडल्यापासून डबा भरेपर्यंत सगळं दाखवा. संध्याकाळी फोन कर. उतारा किती निघाला ते मला ऐकायचंय.

तुझे,
सर